वेग घेताना गाडी थरथरते: दोष नेमका कसा शोधावा

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय उचलला की शांत होते, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बहुधा आधी अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्यायला सांगितले जाते. त्याने फरक पडला नाही की प्लग बदलले जातात, मग इंजिनाची माउंटिंग (इंजिन पेलणारे रबरी आधार), आणि तीन-चार फेऱ्या झाल्यावर कोणीतरी गाडी रॅम्पवर चढवून ॲक्सलकडे, म्हणजे चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याकडे पाहतो. यांतला प्रत्येक भाग खरोखरच या दोषाचे मूळ असू शकतो, परंतु अंदाजाने एकेक भाग बदलत गेल्यास मूळ सापडेपर्यंत मालकाचा खिसा रिकामा होतो. गाडीची थरथर तीनांपैकी एका गोष्टीशी बांधलेली असते: इंजिनाच्या फेऱ्यांशी, चाकांच्या वेगाशी, किंवा इंजिनावर पडणाऱ्या ओढीशी. ती कशाशी बांधलेली आहे हे ठरवायला अर्धा तास आणि एक मोकळा रस्ता पुरतो. पाना हातात घेण्यापूर्वी एवढे केलेच पाहिजे.

पुढील विवेचन मुख्यतः पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांना धरून केले आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या या प्रकारात मोडतात. बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांविषयी वेगळे सांगावे लागते, ते ओघात येईल.

रस्त्यावरची परीक्षा

पहिली परीक्षा गाडी उभी असतानाच करावी. इंजिन पुरते गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये ठेवून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) सावकाश १५०० पर्यंत, मग २५०० आणि ३५०० पर्यंत न्यावेत. उभ्या गाडीत हादरे जाणवले, तर चाके, ॲक्सल आणि ब्रेक या सगळ्यांचा संशय तिथेच फिटतो. दोष इंजिनात, माउंटिंगमध्ये किंवा कुठेतरी बॉडीला टेकलेल्या सायलेन्सरच्या पाइपात असतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडी थरथर आयडलला मुळातच असते, तिला दोष समजू नये. आपली गाडी नवी असताना कशी होती, याची आठवण येथे उपयोगी पडते. ती नसेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत पाच मिनिटे बसून पाहावे.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीची. सपाट, सरळ आणि रहदारी नसलेल्या रस्त्यावर गाडी त्या वेगाला न्यावी ज्या वेगाला ती थरथरते. थरथर सुरू होताच ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलावा, पण ब्रेक लावू नये. पाय उचलल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत वेग जवळपास तेवढाच राहतो, फक्त इंजिनाची ओढ थांबते. त्या क्षणी थरथर नाहीशी झाली तर ती ओढीशी बांधलेली आहे, आणि संशय आतला सीव्ही जॉइंट (ॲक्सलचा गिअरबॉक्सकडचा सांधा), इंजिनाची माउंटिंग किंवा ताणाखाली होणारे मिसिंग (सिलिंडर पेटायचा चुकणे) यांच्याकडे वळतो. पाय उचलूनही ती तशीच चालू राहिली, तर चाकांकडे पाहावे.

तिसऱ्या परीक्षेत वेग तोच ठेवून गिअर बदलावा. समजा ताशी ६० किलोमीटरला चौथ्या गिअरमध्ये थरथर जाणवते. तर त्याच वेगाला तिसऱ्यात आणि पाचव्यात गाडी चालवून पाहावी. तिन्ही गिअरमध्ये ती ६० लाच येत असेल, तर ती चाकांच्या फेऱ्यांबरोबर चालते. गिअर बदलताच ती दुसऱ्या वेगाला सरकत असेल आणि आरपीएमचा काटा मात्र प्रत्येक वेळी त्याच आकड्याजवळ असेल, तर ती इंजिनाची आहे. या परीक्षेसाठी शेजारी दुसरा माणूस बसवून त्याच्याकडून वेग, गिअर आणि आरपीएम लिहून घ्यावेत, कारण चालवणाऱ्याने आकडे पाहत बसणे धोक्याचे असते, आणि थरथर कशी होती याची स्मृती घरी येईपर्यंत हमखास बदलते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून वेग राखण्याची परीक्षाही काही मेकॅनिक सांगतात. ती घाटाच्या उतारावर कधीही करू नये.

थरथर कोठे जाणवते, हेही टिपावे. स्टिअरिंग हातात नाचत असेल तर पुढची चाके, सीट आणि फरशी हलत असेल तर मागची चाके, आणि संपूर्ण गाडी बोनेटसकट डावी-उजवीकडे डुलत असेल तर आतला सीव्ही जॉइंट, असा ढोबळ ठोकताळा आहे. त्यावर एकट्यावर मात्र निर्णय करू नये.

चाके आणि टायर

चाकांच्या असमतोलाला ॲक्सिलरेटरशी देणेघेणे नसते. तो ताशी ८० च्या आसपास डोके वर काढतो, ९० ते १०० च्या दरम्यान सर्वांत जास्त जाणवतो आणि पुष्कळदा त्यापुढे कमीही होतो. वेग वाढवताना तो प्रथम लक्षात येत असल्याने लोक त्याला ‘पिकअप घेताना थरथरते’ असे म्हणतात, आणि तेथूनच निदान भरकटते. दुसऱ्या परीक्षेत पाय उचलूनही थरथर चालूच राहिली असेल तर मात्र आनंद मानावा, कारण सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती याच गटात आहे.

पावसाळ्यात कोकणात जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी हायवेला गाडी थरथरू लागली, तर कुठेही जाण्याआधी चाकांच्या रिमची आतली बाजू पाहावी. तिथे तांबडा चिखल बसून वाळलेला असतो, आणि तो एका बाजूला मूठभर जरी साचला तरी बॅलन्सिंगची शिश्याची वजने निरर्थक ठरतात. बाहेरून गाडी धुतल्याने हा चिखल निघत नाही. पाण्याचा फवारा स्पोकच्या फटींतून आत मारावा लागतो. त्यानंतर वजने जागेवर आहेत का ते पाहावे; पडलेल्या वजनाच्या जागी रिमवर स्वच्छ चौकोनी डाग दिसतो.

टायरवरून तळहात फिरवून कुठे फुगवटा किंवा उंचवटा लागतो का, हे पाहण्याची सवय असावी. खड्ड्यात जोरात आदळलेल्या टायरची आतली दोरी तुटली की बाजूच्या भिंतीवर टेंगूळ येते, आणि असा टायर बॅलन्सिंगने सुधारत नाही. तो बदलावाच लागतो, कारण तो वेगात फुटू शकतो. रिम वाकली असेल तर बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरताना तिची कड वर-खाली होताना उघड्या डोळ्यांनी दिसते, तेव्हा काचेमागच्या वेटिंग रूममध्ये न बसता यंत्राजवळ उभे राहावे. टायर नुकतेच काढून बसवले असतील आणि थरथर त्यानंतरच सुरू झाली असेल, तर चाकांचे नट आधी तपासावेत. ते समोरासमोरच्या क्रमाने आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या मोजलेल्या जोरावर) आवळलेले असावेत.

प्लग, कॉइल आणि मिसिंग

इंजिनाचा एखादा सिलिंडर पेटायचा चुकला की त्याला गॅरेजमध्ये ‘मिसिंग’ म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनातला एकच सिलिंडर मरत असेल, तर २००० आरपीएमला मिनिटाला हजार, म्हणजे सेकंदाला १६-१७ धक्के चुकतात, आणि तोच हादरा सीटमधून जाणवतो. अर्धवट कमकुवत झालेला सिलिंडर आयडलला आणि सपाट रस्त्यावर कसाबसा चालतो, कारण तेव्हा सिलिंडरमधला दाब कमी असतो आणि ठिणगीला उडी मारणे सोपे जाते. घाटात चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, आणि दुबळी कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारा भाग) तिथे उघडी पडते. म्हणूनच ‘गॅरेजमध्ये गाडी बरोबर चालते, घाटात मात्र धक्के देते’ ही तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवू नये.

सीएनजीला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. त्यामुळे सीएनजी गाडीच्या मालकाकडे निदानाचे एक साधन फुकट आहे: ज्या चढावर गाडी गॅसवर थरथरते, त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये ती पेट्रोलवर चालवून पाहावी. थरथर पुरती गेली तर गॅसचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसचे इंजेक्टर तपासावेत; मात्र त्याआधी प्लग पाहावेत, कारण झिजलेले प्लग पेट्रोलवर निभावून नेतात आणि गॅसवर दगा देतात. दोन्ही इंधनांवर सारखीच थरथर असेल, तर दोष दोन्हींना समान असलेल्या भागात, म्हणजे प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होणे) यांत किंवा मग इंजिनाबाहेर आहे.

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर तो केवळ लागून राहिलेल्या दिव्यापेक्षा गंभीर समजावा. लुकलुकण्याचा अर्थ असा की मिसिंग इतके होत आहे की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची हानी करू शकते. अशा वेळी ॲक्सिलरेटर हलका ठेवून गाडी जवळच्या सुरक्षित जागी थांबवावी आणि पुढचा प्रवास टोचनवर करावा. कन्व्हर्टरची किंमत चार प्लगांच्या आणि चार कॉइलच्या एकत्रित किमतीपेक्षाही पुष्कळ जास्त असते.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर बाजारात मिळतो आणि मोबाइलवर कोड दाखवतो. ‘पी ०३००’ म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरकडे बोट न दाखवता आलेले मिसिंग, तर ‘पी ०३०१’ ते ‘पी ०३०४’ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक सांगतो. समजा ‘पी ०३०२’ आला. इग्निशन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढावी, ती चौथ्यावर बसवावी आणि चौथ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून गाडी त्याच चढावर न्यावी. आता ‘पी ०३०४’ आला तर कॉइल दोषी, आणि एकही नवा भाग विकत न घेता ते सिद्ध झाले. ‘पी ०३०२’ कायम राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करावी. त्यानेही कोड हलला नाही, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासण्यावाचून इलाज नाही, आणि ते काम जाणत्या मेकॅनिकचे आहे.

प्लग काढल्यावर तो नीट पाहावा. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाशी न पडता बाहेरून खाली उतरत होती. अशा वेळी प्लगबरोबर कॉइलचा रबरी बूटही बदलावा, नाहीतर नव्या प्लगवरही तशीच रेघ उमटते. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेले असेल तर वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग गेले आहे. पाणी असेल तर नुकतेच वॉशिंग सेंटरवर इंजिन धुतले होते का, ते आठवावे. प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुणे हा आपल्याकडचा एक अनाकलनीय हौसेचा प्रकार आहे. साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर असते, सीएनजीवर त्याहून कमी धरावे. नवे प्लग थंड इंजिनात, आधी हाताने आटे धरून, मग टॉर्क पान्याने आवळावेत. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्चाला अंत राहत नाही.

कोड नाही, मिसिंग नाही, पण चढावर गाडी गुदमरून झटके देते, अशा वेळी एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीवरची काजळी, इंधनाचा फिल्टर आणि पंपाचा दाब या क्रमाने पाहावे.

ॲक्सलचा आतला जॉइंट

या दोषाचे निदान सर्वांत जास्त वेळा चुकते, म्हणून येथे थोडे थांबू. पुढच्या प्रत्येक चाकाकडे गिअरबॉक्समधून एक ॲक्सल जातो आणि त्याला दोन सीव्ही जॉइंट असतात. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट खराब झाला की वळताना ‘कट-कट’ असा आवाज येतो. तो रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जातो आणि कोणीही मेकॅनिक ओळखतो. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट मात्र मुका असतो. बहुतेक गाड्यांत तो तीन रोलरांचा असतो, आणि हे रोलर एका वाटीतल्या तीन लांबट खाचांत पुढे-मागे सरकतात, जेणेकरून सस्पेन्शन वर-खाली होताना ॲक्सलची लांबी जुळवून घेता येते. खाचांच्या भिंती झिजून खळगे पडले की ओढ असताना रोलर त्या खळग्यांत अडकतात आणि ॲक्सल प्रत्येक फेऱ्यात तीनदा चाकाकडे व गिअरबॉक्सकडे ढकलला जातो. १६५/८० आर १४ मापाचा टायर ताशी ८० ला सेकंदाला ११ ते १२ फेरे घेतो. म्हणजे असे सुमारे ३४ धक्के दर सेकंदाला बसतात. पाय उचलला की ओढ संपते आणि गाडी क्षणात शांत होते. प्रवासी भरलेले असताना, चढावर आणि खालच्या गिअरमध्ये जोर लावताना हा दोष सर्वांत जास्त दिसतो. रिकाम्या गाडीत सपाट रस्त्यावर तो लपून राहतो.

तपासताना आधी रबरी बूट पाहावेत. फाटलेल्या बुटातून उडालेले ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूवर आणि आसपासच्या पत्र्यावर काळ्या पट्ट्यासारखे पसरते. गाडी रॅम्पवर असताना ॲक्सल हाताने धरून मागे-पुढे सरकवावा. आतला जॉइंट सरकतोच, तो त्याचा धर्म आहे, त्यावरून त्याला बाद ठरवू नये. वाटी एका हाताने स्थिर धरून दांडा दुसऱ्या हाताने पिळावा, आणि फिरतीत ठळक खुळखुळ जाणवली तर संशय बळावतो. एक इशारा येथे आवश्यक आहे: चाके लटकत ठेवून, इंजिन चालू करून आणि गिअर टाकून ‘पाहा कसा थरथरतो’ असे दाखवणाऱ्याला थांबवावे. लटकत्या चाकांमुळे जॉइंटचा कोन नेहमीपेक्षा जास्त होतो, चांगला ॲक्सलही थरथरतो, आणि फिरत्या चाकांची गाडी स्टँडवरून घसरण्याचा धोका वेगळाच.

बूट नुकताच फाटला असेल आणि ग्रीसमध्ये वाळू गेली नसेल, तर जॉइंट उघडून, धुऊन, नवे ग्रीस व नवा बूट घालणे पुरते. थरथर सुरू झाली असेल तर मात्र ग्रीसने काही साधत नाही. जॉइंट किंवा पुरा ॲक्सल बदलावा लागतो. बाजारात मिळणारे स्वस्त रिकंडिशन केलेले ॲक्सल मी सहसा सुचवत नाही, कारण त्यांत झिजलेली वाटी तशीच ठेवून फक्त बूट आणि ग्रीस बदललेले असण्याची शक्यता असते. ॲक्सल ओढून काढताना गिअरबॉक्सचे तेल गळते, तेव्हा ते योग्य प्रतीचे आणि योग्य मापाने परत भरले आहे याची खात्री करावी. ऑइल सील त्याच वेळी बदलावे. चाकाच्या मध्यभागचा मोठा नट नवा घालावा, तो चाक जमिनीवर टेकलेले असताना टॉर्क पान्याने आवळावा आणि त्याची कड ठोकून बसवावी. हा नट अंदाजाने आवळला तर चाकाचे बेअरिंग लवकर जाते.

बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या गाडीत हीच लक्षणे प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याकडे बोट दाखवतात. जागेवरून निघताना पोटाखालून थरथर आली तर क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) आणि मधल्या बेअरिंगचे रबर तपासावे. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही टोकांना खडूने खुणा करून घ्याव्यात, कारण तो एक-दोन बोल्ट फिरून उलटा बसला तर नवीच थरथर सुरू होते.

माउंटिंग आणि क्लच

माउंटिंगची परीक्षा दोन माणसांनी करावी. बोनेट उघडे, हँडब्रेक घट्ट, ब्रेकवर पाय, आणि चालकाने पहिला गिअर टाकून क्लच केसभर सोडावा, मग रिव्हर्समध्ये तेच करावे. दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभे राहून इंजिनाकडे पाहावे. समोर कधीही उभे राहू नये. इंजिन जरासे झुकणे ठीक, पण ते उसळून ‘धप्प’ असा आवाज आला तर माउंटिंग तुटली आहे. तेल भरलेल्या माउंटिंगखाली काळा ओघळ दिसतो. खालचा टॉर्क रॉड (इंजिनाचे झुकणे रोखणारा दांडा) पाहायला विसरू नये. त्याचे रबर चिरले की नेमकी पिकअप घेतानाच गाडी दणके देते, आणि तो वरून दिसत नसल्याने सुटून जातो.

फक्त जागेवरून निघताना, पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये थरथर येऊन क्लच पूर्ण सुटताच ती थांबत असेल, तर दोष क्लचचा आहे. तासन्‌तास हाफ क्लचवर चालणारी शहरातली रहदारी क्लच प्लेट आणि फ्लायव्हील तापवून काळी करते; क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेले तेलही हेच करते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावे, फ्लायव्हीलवर निळे-काळे डाग आहेत का ते पाहावे, आणि तेल दिसले तर सील बदलल्याशिवाय नवा सेट घालू नये. एएमटी गाडीतही, म्हणजे जिथे क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप चालवते तिथेही, क्लच हाच असतो. तिथे सेट बदलल्यावर स्कॅनरने क्लचची नवी जागा संगणकाला शिकवावी लागते. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोहोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमध्ये हलक्या ॲक्सिलरेटरला, ५० ते ८० च्या वेगात येणारी बारीक थरथर अनेकदा गिअरबॉक्सचे जुने तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीच्या नव्या तेलाने बदलल्यावर जाते. तेल दुसऱ्या प्रतीचे भरले तर ती वाढते.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये आणि तितकेच प्रवासी घेऊन न्यावी, आणि सुरुवातीला लिहून ठेवलेले आकडे समोर धरावेत. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. ॲक्सल बदलला असेल तर जुन्या जॉइंटची वाटी पुसून तिच्या तिन्ही खाचांच्या भिंतींवरून नख फिरवावे. भिंत गुळगुळीत लागली आणि नख कुठेच अडकले नाही, तर पैसे देण्यापूर्वी तो भाग का बदलला हे विचारावे.